प्रोटीनचा डबा कोणासाठी? मराठवाड्यातील व्यायामशाळाचालकांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील व्यायामशाळांचे चालक व प्रशिक्षक, तसेच पोलीस आणि सैन्य भरतीपूर्व प्रशिक्षण अकादमींचे संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी लातूर येथे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे मधुमेहाचे, मूत्रपिंडविकाराचे आणि शस्त्रक्रियेनंतर खंगलेले रुग्ण येतात. अलीकडे भरतीची तयारी करणारी मुले आणि त्यांचे काळजीत पडलेले आईवडीलही येऊ लागले आहेत. या सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते, ते म्हणजे ‘जिममधल्या सरांनी सांगितलंय’. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीवर दहा शंका काढणारा माणूस तुमच्या शब्दावर मात्र दोन-तीन हजारांचा डबा निमूटपणे विकत घेतो. म्हणूनच हे पत्र शासनाला न लिहिता तुम्हाला लिहीत आहे. आठही जिल्ह्यांतल्या तरुणांना खाण्यापिण्याच्या बाबतीत तुमच्याइतका विश्वासाचा दुसरा माणूस आज नाही, आणि तो विश्वास तुम्ही कसा वापरता यावर पुष्कळ घरांचा पैसा आणि काही माणसांची प्रकृती अवलंबून आहे.

व्हे प्रोटीनवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असते आणि २० टक्के व्हे. चीज किंवा पनीर करताना दूध फाडले की केसिनचा गोळा बाजूला होतो आणि जे पिवळसर हिरवट पाणी उरते, त्यात व्हे प्रथिने राहतात. त्या पाण्यात त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असल्यामुळे ते अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळून, आटवून आणि वाळवून त्याची पावडर करावी लागते. चांगल्या कॉन्सन्ट्रेट पावडरीत ८० टक्क्यांपर्यंत प्रथिने असतात, आयसोलेटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास, आणि हायड्रोलायझेटमध्ये त्या प्रथिनांचे आधीच बारीक तुकडे केलेले असतात. ही प्रथिने लवकर पचतात. स्नायूंच्या बांधणीला चालना देणारे ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल (प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांपैकी एक) त्यांत शेकडा दहाच्या आसपास असते, जे आपल्या कोणत्याही डाळीतील प्रमाणापेक्षा जास्त आहे. म्हणजे हा दुधापासून केलेला एक चांगला खाद्यपदार्थ आहे, आणि योग्य माणसाला मी स्वतः तो सुचवते.

माझी तक्रार तो कोणाच्या हातात जातो याविषयी आहे. आज हा डबा प्रामुख्याने अठरा ते पंचवीस वर्षांच्या धडधाकट मुलाच्या हातात जातो, ज्याची गरज ताटातल्या जेवणातून भागू शकते. त्याच मुलाच्या घरात खाटेवर पडलेली आजी, गल्लीतला डायलिसिसवरचा माणूस किंवा क्षयाने वाळलेली सून यांच्या पोटात दिवसभरात किती प्रथिने जातात, हे विचारायला मात्र कोणी जात नाही. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत झाली आहे.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. मुलांसाठी १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक मिळून ५० गुण असतात आणि त्यातले २० एकट्या १६०० मीटरला असतात. पाच-सहा मिनिटे जीव तोडून धावणाऱ्या पायांना लागणारी ऊर्जा मुख्यतः पिष्टमय पदार्थांतून येते, म्हणजे भाकरी, पोळी, भात, केळी, गूळ यांतून. आता या मुलाचा दिवस पाहा. पहाटे चारला उठून उपाशीपोटी ग्राउंड, मग एक चहा, दुपारी मेसचा डबा, ज्यात वरणाची डाळ शोधावी लागते, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड, आणि रात्री अभ्यासाच्या नावाखाली बारापर्यंत जागरण. या मुलाला एकूण अन्नच कमी पडते. अन्नातून पुरेशी ऊर्जा मिळत नसेल तर शरीर प्रथिनांचाही जळणासाठी उपयोग करते, त्यामुळे उसनवारी करून आणलेल्या पावडरीतले बरेचसे प्रथिन स्नायूपर्यंत पोहोचण्याऐवजी सरळ जळून जाते. त्याला पावडर देण्याआधी पोटभर न्याहारी, पुरेसे पाणी आणि सात तास झोप द्या, असे मी सांगते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर निराशा दिसते, कारण झोप विकत मिळत नाही आणि तिच्यावर छापील चित्रही नसते.

हिशेब आपण एकदा नीट मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी दररोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. म्हणजे साठ किलोच्या मुलाला सुमारे ५० ग्रॅम. तो वजने उचलून कसून व्यायाम करत असेल तर गरज वाढते हे खरे आहे, पण दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यास स्नायूंच्या वाढीत आणखी भर पडत नाही, असे आजवरच्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. या मर्यादेचा उल्लेख २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीयांसाठीच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे, आणि शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पूरके टाळावीत असा सल्लाही त्याच सूचनांमध्ये दिलेला आहे. म्हणजे साठ किलोच्या मुलाची कमाल मर्यादा शंभर ग्रॅमच्याही आतच येते. दिवसभरात चार ज्वारीच्या भाकरींतून पंचवीस ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरणातून बारा-तेरा, अर्धा लिटर दुधातून सोळा, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून बारा आणि दोन अंड्यांतून बारा, असे मिळून पंचाहत्तर ग्रॅमच्या वर जाते. अंडी न खाणाऱ्याने त्याऐवजी तीस ग्रॅम सोयाबीन वडी भाजीत घातली तर पंधरा ग्रॅम मिळतात. यात कोठेही डबा नाही.

आणि किंमत? बऱ्या प्रतीचा एक किलोचा व्हेचा डबा साधारण दोन ते साडेतीन हजारांना पडतो, म्हणजे प्रथिनाच्या एका ग्रॅममागे अडीच ते साडेचार रुपये. अंड्यातले एक ग्रॅम रुपया-सव्वा रुपयाला, दुधातले पावणेदोन रुपयांच्या आसपास, तूरडाळीतले आणि फुटाण्यांतले रुपयाच्या आत आणि सोयाबीन वडीतले तर तीस-पस्तीस पैशांत मिळते. डाळींतील प्रथिने दुधाइतकी पूर्णपणे पचत नाहीत आणि त्यांत काही अमिनो आम्ले कमी असतात, हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. परंतु तेवढी घट धरून हिशेब केला तरी डाळच स्वस्त पडते. शिवाय ज्वारीत लायसिन कमी असते आणि तुरीत ते भरपूर असते, तर तुरीत जी गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी पडतात ती ज्वारी पुरवते, त्यामुळे भाकरी आणि वरण एकत्र खाल्ले की दोघांची उणीव बरीचशी भरून निघते. आपल्या भागात तूर आणि सोयाबीन किती पिकते हे लातूरच्या बाजारात एकदा उभे राहिले तरी कळते, आणि जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेले तुरीचे वाण आज शेतोशेती पेरले जात आहेत. तीच तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा पातळ वरण खाऊन परदेशातून आलेल्या पावडरीसाठी उधारी करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तालमीची आठवण इथे द्यावीशी वाटते. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हाच्या पैलवानाचा खुराक दूध, तूप, बदाम आणि घरच्या धान्याचा असे. यावरून पावडर निरुपयोगी ठरत नाही, कारण प्रत्येकाच्या दारात म्हैस नसते आणि आज पुण्या-मुंबईच्या खोलीत राहणाऱ्या खेळाडूला पावडर सोयीची पडू शकते. परंतु डब्यावाचून शरीर घडतच नाही, हे जे मुलांच्या मनावर बिंबवले जाते, ते खोटे आहे एवढे मात्र त्यावरून नक्की सिद्ध होते.

आता डब्याच्या आत काय असते त्याकडे वळते, कारण या बाबतीत तुमच्यापैकी अनेकांचीही फसवणूक होत असावी असे मला वाटते. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाने माझ्या टेबलावर एक मोठा डबा आणून ठेवला. समोरच्या बाजूला दंड फुगवलेल्या माणसाचे चित्र आणि ‘प्रोटीन’ हा शब्द बोटभर उंचीचा. मागची बारीक अक्षरे आम्ही दोघांनी मिळून वाचली. घटकांच्या यादीत पहिले नाव माल्टोडेक्स्ट्रिनचे होते, म्हणजे पिष्टापासून केलेल्या आणि पोटात झटपट साखर होणाऱ्या भुकटीचे, आणि यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. शंभर ग्रॅम पावडरीत प्रथिने पंधरा ग्रॅम आणि कर्बोदके पंचाहत्तरहून अधिक. फुटाण्यांत याहून जास्त प्रथिने असतात. त्या मुलाने ‘मास गेनर’च्या, म्हणजे वजन वाढवणाऱ्या पावडरीच्या, नावाखाली सुवासिक साखर विकत घेतली होती, आणि ती घेण्यासाठी मेसचा एक महिना बंद ठेवला होता.

ही झाली उघडपणे छापलेली गोष्ट. न छापलेली गोष्ट याहून गंभीर आहे. प्रथिने मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणतात. दुधाच्या पदार्थांसाठी तो आकडा ६.३८ आहे. नायट्रोजन कोठून आला हे त्या पद्धतीला कळत नाही. याचाच फायदा घेऊन काही उत्पादक ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो द्रव्ये मिसळतात, ज्यामुळे कागदावर प्रथिने वाढतात आणि अंगाला मात्र लागत नाहीत. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दुधात मेलामाइन मिसळले गेले ते याच पद्धतीला फसवण्यासाठी, आणि त्यात लाखो बाळे आजारी पडली. आपल्याकडे केरळमधील डॉक्टर आणि संशोधकांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी करून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुमारे ७० टक्के उत्पादनांवर छापलेले प्रथिनांचे प्रमाण प्रत्यक्षाशी जुळत नव्हते, काहींत तर ते निम्म्याहूनही कमी भरले, आणि सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन आढळले, जे यकृताला घातक आहे. ही तपासणी छोटी होती आणि त्यात व्हेखेरीज इतर पावडरीही होत्या, हे लक्षात घेऊनसुद्धा मोठ्या डब्यातून काढून पारदर्शक पिशवीत भरलेली, बिलाशिवाय विकली जाणारी सुटी पावडर मुलांना देताना तुमचा हात थबकला पाहिजे. डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख हवी, माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता हवा. बॅच क्रमांक खरवडलेला डबा कितीही स्वस्तात मिळाला तरी तो दुकानदाराला परत करा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी कळवा.

रोगांच्या नावाने पावडर सुचवणे, हा या पत्रातला माझा सर्वांत कळकळीचा मुद्दा आहे. ‘शुगर आहे? मग भात बंद करा आणि हे घ्या’, ‘रक्त कमी आहे? एक स्कूप (डब्यातल्या मापाचा चमचा) चालू करा’, ‘पोराची उंची वाढत नाही? दुधातून द्या’, असे सल्ले मी रुग्णांच्या तोंडून ऐकते. व्हे पावडरीने रक्त वाढत नाही, कारण तिच्यात लोह जवळपास नसतेच. पांडुरोग असलेल्या मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्यांची गरज असते. उंचीचेही तसेच. वाढीच्या वयातल्या मुलाचा आहारच अपुरा असेल तर तो सुधारल्यावर वाढ सुधारते, एरवी पावडरीने हाडे लांब होत नाहीत. मधुमेहात जेवणाआधी थोडे व्हे घेतल्याने जेवणानंतरची साखर कमी चढते असे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे, पण त्यावरून कोणी गोळी किंवा इन्सुलिन कमी करणे धोक्याचे आहे आणि तसे सुचवण्याचा अधिकार ना तुम्हाला आहे ना मला. वजन कमी करणाऱ्याला प्रथिनांमुळे पोट भरल्यासारखे वाटते आणि स्नायूंची झीज कमी होते, एवढा मर्यादित उपयोग आहे. जेवण जसेच्या तसे ठेवून वरून दोन स्कूप घेतले तर वजन वाढेलच.

मूत्रपिंडाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. निरोगी मूत्रपिंडे व्हेने खराब होतात असा ठोस पुरावा नाही, त्यामुळे प्रत्येक पावडर घेणाऱ्याला घाबरवून सोडण्यात अर्थ नाही. पण मूत्रपिंडे आधीच कमजोर असतील आणि डायलिसिस सुरू झालेले नसेल, तर प्रथिने दर किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवावी लागतात आणि अशा माणसाला रोजचे दोन स्कूप अपायकारक ठरू शकतात. अडचण अशी की मूत्रपिंडविकार बराच वाढेपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. चाळिशीपुढचा, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला गृहस्थ पोट कमी करायला तुमच्याकडे येतो, तेव्हा त्याची क्रिएटिनिनची (मूत्रपिंडे कशी चालतात हे दाखवणारी रक्ताची) आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी झाली आहे का, हे विचारल्याखेरीज त्याच्या हाती डबा देऊ नये. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, आणि आपल्याकडच्या उन्हात तो पुष्कळांना असतो, त्यांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. उलट डायलिसिस सुरू झाले की चित्र पालटते. प्रत्येक डायलिसिसमध्ये काही ग्रॅम अमिनो आम्ले रक्तातून निघून जातात, आणि अशा रुग्णाला दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ‘किडनीचा पेशंट आहे, डाळ-अंडी बंद’ म्हणून घरचे लोक त्याला उपाशी ठेवतात, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले व्हे त्याच्या खरोखर उपयोगी पडते. एकाच घरात एकाला अपाय आणि दुसऱ्याला उपाय, म्हणूनच हा निर्णय तपासणीवाचून होऊ नये. थायरॉईडच्या गोळीचे आणि काही प्रतिजैविकांचे शोषण दुधातल्या कॅल्शियममुळे घटते, म्हणून ती पावडरीसोबत घेऊ नयेत, हेही जाता जाता सांगून ठेवते.

क्षयरोगाबाबत तर आपल्याजवळ आपल्याच देशातला भक्कम पुरावा आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या, आणि त्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. तांदूळ आणि तूरडाळ! शासनाच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला एक हजार रुपये मिळतात. ते हजार रुपये पावडरीच्या छोट्या डब्यात घालवायला लावणारा सल्ला मी ऐकला आहे. त्याच पैशांत महिनाभराची डाळ, शेंगदाणे आणि रोज एक अंडे बसते.

आता खरी गरज कोठे आहे ते सांगते. साठी ओलांडल्यावर स्नायू झपाट्याने झिजू लागतात आणि तेवढेच प्रथिन खाऊन शरीर पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही, म्हणून वृद्धांसाठी दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम आणि आजारपणात १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने सुचवली जातात. वर उल्लेखलेल्या २०२४ च्या सूचनांचा सावध सूर मला निरोगी तरुणांच्या बाबतीत पूर्ण पटतो. वृद्ध आणि रुग्णांच्या बाबतीत मात्र मी त्यात सूट घेते, आणि ती का घेते हे एका आजींच्या उदाहरणावरून सांगते.

खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या या आजींचे वजन एक्केचाळीस किलो होते. तोंडात दात नव्हते. दिवसभरात वरणात कुस्करलेली एक भाकरी, दोन कप चहा आणि संध्याकाळी थोडा भात, एवढाच आहार. हिशेब केला तर वीस-बावीस ग्रॅम प्रथिने भरली आणि गरज होती पन्नासच्या आसपास. शेंगदाणे चावता येत नव्हते, माळकरी असल्याने अंडी चालत नव्हती, दुधाचा पेला भरून दिला की त्या जेवतच नसत. त्यांच्यासोबत आलेला नातू जिमला जाणारा होता आणि त्याच्या खोलीत चांगल्या प्रतीचा डबा होता. मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून आणि डॉक्टरांची संमती घेऊन आम्ही त्या डब्यातला अर्धा स्कूप सकाळी ज्वारीच्या आंबिलात आणि अर्धा संध्याकाळी कोमट दुधात सुरू केला. आंबील गरम असताना पावडर टाकली की गुठळ्या होतात, हे आजींच्या सुनेने पहिल्याच दिवशी ओळखले आणि आंबील निववून घ्यायला सुरुवात केली. त्याबरोबर फिजिओथेरपिस्टने खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला. काही आठवड्यांनी आजी हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठू लागल्या. त्यात पावडरीचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही, पण व्यायामावाचून नुसत्या पावडरीने ते झाले नसते हे मी खात्रीने सांगते, कारण स्नायूला काम दिल्याशिवाय प्रथिनांचा तिथे उपयोग होत नाही.

इथेच तुमचा संबंध येतो. वजने, पट्टे, बाक आणि व्यायाम शिकवणारा माणूस, हे सगळे तुमच्याकडे आहे. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत बहुतेक व्यायामशाळा रिकाम्या असतात. महिन्याच्या पाच-सातशे रुपये फीमध्ये जागेचे भाडे आणि विजेचे बिल भागत नाही, म्हणून डब्यावरच्या कमिशनचा आधार घ्यावा लागतो, ही तुमची अडचण मला कळते. पण त्या रिकाम्या वेळेत वृद्धांसाठी, मधुमेहींसाठी आणि बाळंतपणानंतर कंबर धरलेल्या स्त्रियांसाठी वेगळी तुकडी चालवता येईल. त्यासाठी गावातल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला महिन्यातून दोन वेळा बोलावा. सुरुवात खुर्चीतून उठण्यापासून आणि पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या उचलण्यापासून करा. निवृत्त शिक्षक, बँकेतून आणि एसटीतून निवृत्त झालेले लोक अशा तुकडीची फी वेळेवर देतील.

भरतीच्या मुलांसाठी माझी विनंती याहून सोपी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला पावडर विकू नका. त्याहून मोठ्याला विकण्याआधी त्याने काल दिवसभरात काय खाल्ले ते वहीत लिहून घ्या, आणि ताट सुधारून भागत असेल तर त्याला तसे सांगा. दूध पचत नसलेल्याला कॉन्सन्ट्रेटने पोट फुगून जुलाब होतात, त्याला ताक आणि फुटाणे सुचवा. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतली जाणारी दुसरी एक पावडर) चालू असेल तर रक्त तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगायला लावा, नाहीतर वाढलेले क्रिएटिनिन पाहून घरभर घबराट उडते. अकादमीचे संचालक मेस चालवत असतील तर पावडरीच्या विक्रीपेक्षा वरणातली डाळ दुप्पट करण्याने निकाल जास्त सुधारेल, आणि त्याचा खर्च मुलामागे दिवसाला दहा रुपयांच्या आतबाहेर आहे.

इंजेक्शनांविषयी मात्र विनंतीची भाषा मी वापरणार नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असलेले मेफेंटरमाइन ‘दम टिकतो’ म्हणून टोचून घेणारी मुले आणि स्नायू फुगवण्यासाठी दिली जाणारी स्टिरॉइड्स यांवर राज्यात पोलिसांच्या कारवाया झालेल्या आहेत. ज्या व्यायामशाळेत हे चालते तिथल्या प्रशिक्षकाला ते ठाऊक असते. हृदयाची गती बिघडून धावपट्टीवर कोसळलेल्या मुलाला परत उभे करणारी पावडर कोठेही मिळत नाही, आणि हा प्रकार चालू असल्याचे कळूनही गप्प बसणाऱ्याला माझ्या दृष्टीने क्षमा नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्न तंत्रज्ञानाचे शिक्षण आणि संशोधन चालते, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आहाराविषयी विचारता येते. तुमच्यापैकी दहा-पंधरा जण एकत्र येणार असाल तर लातूरमध्ये एका रविवारी डब्याचे लेबल कसे वाचावे आणि मुलांच्या ताटाचा हिशेब कसा करावा, हे शिकवायला मी विनामोबदला येईन. येताना प्रत्येकाने आपल्याकडे विकला जाणारा एक डबा आणि त्याचे बिल सोबत आणावे.

आपली,
एक आहारतज्ज्ञ, लातूर